बोटभर डावीकडे

काळा बॉल पॉकेटच्या बोटभर डावीकडे आपटून परत आला, तेव्हा काटकोन सरांनी बॉलकडे पाहिलं नाही, पॉकेटकडेही पाहिलं नाही. त्यांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काठीचा संशय आला.

"पुन्हा डावीकडे," समोरून टेलर म्हणाले. त्यांनी आपली काठी बोटांत हलकेच फिरवली, जाड टोकावरचा शाईचा ठिपका वर आणला, आणि काळा बॉल अलगद आत घातला.

दर रविवारी दुपारी, इमारतीच्या तळमजल्यावरच्या बिलियर्डच्या हॉलमध्ये हे असंच चालायचं. बाहेर रस्ता पेंगत असायचा, खिडकीतून ऊन तिरपं येऊन टेबलाच्या हिरव्या कापडावर पडायचं, आणि दोन म्हातारे त्या उन्हात हळूहळू फिरत असायचे. टेलरांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. सर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. काटकोन हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि सरांना ते मनातून आवडायचं. भिंतीवरचं कॅलेंडर एखादा अंश कललं असेल तर त्यांना घास गोड लागत नसे. असा हा माणूस बावीस वर्षं दर रविवारी हरत होता, आणि तोही दरवेळी बोटभर डावीकडे.

"सर, पुढचा रविवार शेवटचा," टेलर खडूचा तुकडा खिशात टाकत म्हणाले. "सोमवारी सकाळी निघतोय."

ते लेकीकडे कायमचे राहायला चालले होते. सरांना हे महिन्यापासून ठाऊक होतं. पण 'शेवटचा' हा शब्द त्यांनी त्या उन्हात पहिल्यांदाच ऐकला. एकदा, निदान एकदा तरी या माणसाला हरवायचं होतं. नंतर हरवायला समोर असणार कोण?

"टेलर, माझी काठी वाकडी आहे."

"मग लोळवून बघा की."

सरांनी काठी टेबलावर ठेवून तळहाताने ढकलली आणि खाली वाकून टोकाकडे नजर लावली. सरळ काठी लोळताना टोकाखालचा उजेड हलत नाही, वाकडी असेल तर टोक उड्या मारतं आणि उजेड उघडमीट करतो. सरांच्या काठीने दोन उड्या मारल्या.

"बघितलंत?" सर जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"बघितलं. पण या कापडाला मी तीन ठिकाणी रफू केलंय. ती रफूवरून उडतेय."

सरांनी काठी काखेत मारली आणि जिना चढून घर गाठलं. वाकडं काय आहे ते शोधायला त्यांच्यापाशी सात दिवस होते.

जेवणाच्या टेबलावर काठी एकदाच उडाली, ती टेबलाच्या दोन फळ्यांमधल्या फटीवर. पलंग मऊ. ओट्यावर काकूंची भांडी होती, आणि काकूंनी नुसतं पाहिल्यावर सर ओट्याकडे गेलेच नाहीत. सरांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची आणि त्यांच्या नजरेला सगळी इमारत ओळखायची. उरली फरशी. सोमवारी दुपारी सर फरशीवर पालथे पडले आणि काठी ढकलण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. हात काठीला लागायच्या आत काठी आपणहून निघाली, गुरगुरत खोलीभर गेली आणि गॅलरीच्या उंबऱ्याला टेकून थांबली.

सरांनी ती आणून परत ठेवली. ती परत गेली. दहाव्यांदा आणेपर्यंत दाराची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. रात्रपाळी करून दुपारी झोपणारी बाई, डोळे अर्धे मिटलेले. "सर, वर काय दळताय?"

"काठी सरळ आहे का ते बघतोय. पण बाई, फरशीच कलती आहे. काठी आपोआप चालते."

सर हे एखादा सिद्धांत सांगावा तसं सांगून मोकळे झाले. नर्सबाई तशाच परत फिरल्या. खाली जाऊन त्यांनी औषधाची गोल बाटली फरशीवर आडवी ठेवली, आणि बाटली संथपणे गॅलरीकडे निघून गेली. त्यानंतर बाईंची झोप उडाली ती उडालीच. त्या तडक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या.

मंगळवारी सकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक घरात काही ना काही लोळत होतं. कुणी गोट्या सोडल्या, कुणी लाटणं, कुणी बॅटरीचे सेल. सगळं एकाच दिशेने जात होतं. जिन्यात भेटणारी माणसं हळू आवाजात बोलू लागली आणि नकळत रस्त्याच्या बाजूला अंग झुकवून चालू लागली. दुपारी सेक्रेटरींनी नोटीस लावली: 'इमारतीचा कल गॅलरीच्या बाजूस असल्याचे आढळून आले आहे. सर्व सभासदांनी आपापली कपाटे व इतर जड सामान रस्त्याकडील भिंतीस सरकवून सहकार्य करावे.' त्या दुपारी चारही मजल्यांवर कपाटं सरकण्याचा आवाज होत राहिला, आणि त्या संथ घरघरीत नर्सबाईंना म्हणे छान झोप लागली.

काकू जिन्यातून नोटीस वाचून आल्या. "हे तुमचं काम?"

"मी फक्त काठी लोळवली."

"मग धरा कपाटाची एक बाजू."

कपाट सरकवताना सरांचं लक्ष दाराच्या आरशाकडे गेलं. काच. काचेइतकं सपाट घरात दुसरं काय असणार? बुधवारी सकाळी त्यांनी स्क्रू काढून आरसा उतरवला, फरशीवर आडवा ठेवला, आणि पाण्याचा थेंब मधोमध स्थिर राहीपर्यंत त्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारत राहिले. दुपार झाली तेव्हा थेंब हलेनासा झाला. सरांनी तो रुमालाने पुसला आणि आरशावर काठी ठेवली.

आरशात छत होतं. छताचा पंखा होता, आणि एका कोपऱ्यात गॅलरीतून आलेलं आभाळ. काठी त्या आभाळावर आडवी तरंगत होती. सरांनी गाल फरशीला टेकवला आणि बोटाने तिला जरासा धक्का दिला. ती ढगाच्या तुकड्यावरून आवाज न करता लोळत पंख्याकडे गेली. टोकाखालचा उजेड हलला नाही. सरांनी परत लोळवली, परत, आणि परत. फरशी गार होती, पंखा खाली आणि वर दोन्हीकडे फिरत होता, आणि आपण काय तपासतोय हे सर मधूनमधून विसरत होते. त्यांना तसाच डोळा लागला. स्वप्नात त्यांनी फळ्यावर एक रेषा काढली. ती फळा सोडून भिंतीवर गेली, खिडकीतून बाहेर पडली, रस्ता ओलांडून टेलरांच्या दुकानात शिरली आणि शिलाई मशीनखालून टीप होऊन निघाली.

जागे झाले तेव्हा काकू आरशाच्या पलीकडे वाकून केस विंचरत होत्या.

"काठी सरळ आहे," सर म्हणाले.

"बरं. आरसा कधी लावताय?"

"म्हणजे इमारत वाकडी आहे. हॉल इमारतीतच आहे. टेबल कलतं आहे, म्हणून माझा बॉल डावीकडे जातो. बावीस वर्षं मी एका कलत्या टेबलावर खेळतोय."

"आणि टेलर कुठल्या टेबलावर खेळतात?"

सरांनी आरशाखालची वर्तमानपत्राची एक घडी काढली आणि परत सारली. "त्यांना सवय झाली असेल," ते शेवटी म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

गुरुवारी सेक्रेटरींनी इंजिनियर आणला. चाळिशीचा, पोट सुटलेला, हातात ओळंबा. सरांना पाहून तो दारातच थबकला.

"सर, ओळखलंत का? दहावी ब. भूमितीत तुम्ही मला दोनदा नापास केलंत."

"रेघा वाकड्या काढायचास."

"हो सर," इंजिनियर म्हणाला आणि कामाला लागला.

त्याने जिन्यात ओळंबा सोडला, गॅलरीत सोडला, शेवटी सरांच्या खोलीत छताच्या हुकाला दोरी बांधून सोडला. दोरीला लटकलेलं वजन डुलत डुलत थांबेपर्यंत सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर हलत होत्या. सेक्रेटरी दारात उभे, नर्सबाई त्यांच्या मागे, काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"इमारत ओळंब्यात आहे," इंजिनियर म्हणाला. "केसाचाही फरक नाही. फरशीला उतार मुद्दाम देतात. धुतलेलं पाणी गॅलरीतून निघून जावं म्हणून."

"म्हणजे कपाटं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कपाटं परत न्या."

दारातल्या मंडळींचा जीव भांड्यात पडला. जीव अडकलेले एकटे सर राहिले. "म्हणजे काठी सरळ, इमारत सरळ. सगळंच सरळ?"

"सगळं." इंजिनियरने एक डोळा मिटला आणि दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. "एक सोडून. सर, जरा तसेच उभे राहा. हलू नका."

सर हलले नाहीत.

"तुम्ही डावीकडे कललात. साधारण तीन अंश."

तो हे छद्मीपणे म्हणाला नाही. दहावी ब पासून वाट पाहिलेला माणूस जितक्या शांतपणे म्हणेल, तितक्याच शांतपणे म्हणाला. सेक्रेटरींनी जमिनीकडे पाहिलं. नर्सबाईंनी जवळ येऊन सरांचे दोन्ही खांदे चाचपले. "खरंच की. सर, डाव्या खांद्यावर काय वाहायचात?"

सरांनी आठवलं. फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या, लाकडी कंपास, कोनमापक. चौतीस वर्षं, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, डाव्या खांद्यावरच्या झोळीत. मुलांना काटकोन दाखवायची सगळी अवजारं त्यांनी त्या एका खांद्यावर वाहिली होती.

मंडळी गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "मी नेहमी तुमच्या डावीकडून चालते. मला आपलं वाटायचं, तुम्ही माझं ऐकायला झुकता."

 सर तिथेच आरशाशेजारी बसून राहिले.

शुक्रवारी ते टेलरांच्या दुकानात गेले. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. कोट घालायचे लाकडी पुतळे चादरीत गुंडाळून भिंतीशी उभे होते आणि टेलर खोक्यांच्या मधे बसून, तोंडात टाचण्या धरून, कापडाची एक लांबट पिशवी शिवत होते.

"टेलर, मी वाकडा आहे?"

टेलरांनी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. सात टाचण्या होत्या. "कोण म्हणालं?"

"ओळंबा."

टेलर उठले, एका खोक्यातून मापांची जुनी वही काढली आणि पहिलंच पान उघडलं. सरांच्या नावापुढे बावीस वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिलं होतं: 'डावा खांदा एक इंच खाली. पॅड दुप्पट.' त्यानंतरच्या प्रत्येक कोटाशी तीच नोंद होती. शेवटच्या दोनांत इंच सव्वा झाला होता.

"बावीस वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सरळ दिसायला म्हणून आलात ना माझ्याकडे? मग दिसत होतात की." टेलर परत खाली बसले. "सर, इतकी वर्षं दुकान चालवलं, पण सरळ माणूस काही अजून आलेला नाही. कुणाचा एक हात लांब, कुणाची मान पुढे, कुणाची पाठ भलतीकडेच निघालेली. वाकडं कुठून आहे ते कळलं की कापड तसं फिरवायचं. एवढंच तर काम आहे."

मग त्यांनी सरांना डावा बूट काढायला लावला, कोटाच्या आत घालतात त्या जाड कापडाचे तीन थर कापून एकावर एक शिवले आणि बुटात सारले. "आता उभे राहा."

सर उभे राहिले. दुकान, पुतळे, दारातून दिसणारा रस्ता, सगळं उजवीकडे किंचित सरकल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी ऊन नेहमीच्या जागी होतं.  सरांचे बॉल पहिल्यांदा उजवीकडे गेले, मग पॉकेटच्या कडेला लागले, आणि मग एकेक करून आत जाऊ लागले. एकेक बॉल पडला की सर खाली बुटाकडे पाहत. बॉल आतल्या जाळीत पडण्याचा तो आवाज त्यांनी इतकी वर्षं पलीकडच्या बाजूनेच ऐकला होता. शेवटी टेबलावर काळा बॉल तेवढा राहिला, पॉकेटपासून वीतभर अंतरावर, अगदी समोर. पाळी टेलरांची होती. झोपेतही जाईल असा फटका होता तो.

टेलरांनी काठीला खडू लावला. बराच वेळ लावला. मग ते वाकले. सरांच्या लक्षात आलं की शाईचा ठिपका वर नाही, खिडकीकडे आहे. टेलर कधी ठिपका वर आणल्याशिवाय मारत नसत. सरांनी एकदा विचारलंही होतं, तेव्हा "सवय" एवढंच उत्तर मिळालं होतं आणि सरांनी ते शकुनाबिकुनाच्या खात्यात टाकलं होतं. बिचाऱ्यांचं मन उद्याच्या प्रवासात असेल, सरांना वाटलं. सांगावं का? सरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

काळा बॉल पॉकेटच्या बोटभर डावीकडे आपटला आणि परत येऊन सरांच्या पुढ्यात थांबला.

सरांनी तो आत घातला. जाळीत बॉल पडल्याचा आवाज झाला. बावीस वर्षं मनात योजून ठेवलेलं एकही वाक्य सरांना आठवेना.

"जिंकलात, सर," टेलर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. सरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

सोमवारी सकाळी टॅक्सीत सामान चढल्यावर टेलरांनी शुक्रवारी शिवत होते ती लांबट पिशवी सरांच्या हातात दिली. सरांच्या सगळ्या कोटांचे उरलेले तुकडे जोडून ती शिवलेली होती, करड्याशेजारी तपकिरी, तपकिरीशेजारी निळा. "माझी काठी. तिकडे टेबल नाही. तुमच्याकडे राहू दे."

"पोचल्यावर फोन करा."

"करतो. डाव्या बुटातलं कापड दर वर्षी बदला."

टॅक्सी वळली. सर घरी आले. आरसा अजून फरशीवरच होता, त्यात सकाळचं आभाळ होतं. त्यांनी पिशवीतून काठी काढली. संशय कसला नव्हता, आठवडाभराच्या सवयीने त्यांनी ती आरशावर ठेवून बोटाने ढकलली.

काठीने चांगल्या तीन उड्या मारल्या. टोकाखाली चांगला बोटभर उजेड उघडला आणि मिटला.

सर गुडघ्यांवर बसले. त्यांनी काठी उचलली, एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर नेली आणि ती सावकाश फिरवली. ठिपका बाजूला असला की काठी बोटभर डावीकडे जात होती. ठिपका वर आणला की तिचा बाक वरखाली व्हायचा, नजरेतून नाहीसा व्हायचा आणि काठी पॉकेटकडे बाणासारखी रोखली जायची. वाकडं कुठून आहे ते कळलं की तसं फिरवायचं. आपल्या सरळ काठीने आपण बावीस वर्षं या वाकड्या काठीकडून हरलो, हे लक्षात येऊन सरांना हसू फुटलं. ते एकटेच आरशापुढे बसून हसले. आणि हसता हसता त्यांना कालचा फटका आठवला. खडू लावण्यात घालवलेला वेळ आठवला. खिडकीकडे वळलेला ठिपका आठवला.

विसरले होते, की फिरवला होता?

लेकीचा फोन नंबर खिशातल्या कागदावर होता. विचारलं तर टेलर खरं तेच सांगणार, याची सरांना खात्री होती. त्यांनी कागद काढला, वाचला, आणि घडी करून परत खिशात ठेवला. मग त्यांनी डोळे पुसले.

काकू कंगवा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळच्या, कोण जाणे. काठीच्या तिन्ही उड्या त्यांनी नक्कीच पाहिल्या होत्या.

"सरळ आहे का हो, टेलरांची काठी?"

"एकदम सरळ," काटकोन सर म्हणाले. मापाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि त्यांच्या डावीकडे येऊन बसल्या.

"मग आरसा लावा आता जागेवर," त्या म्हणाल्या. "सहा दिवस ओणवी होऊन भांग पाडतेय, एकदाही धड सरळ निघाला नाही."